हॅश टेबलसाठी आधीच जागा राखताना

हॅश टेबलमध्ये (किल्लीवरून नोंद चटकन शोधून देणाऱ्या रचनेत) साधारण किती नोंदी येणार हे आधी ठाऊक असेल, तर तेवढी जागा सुरुवातीलाच मागून घेणे हा प्रोग्रॅम वेगवान करण्याचा अतिशय स्वस्त उपाय आहे. मात्र नव्या सहकाऱ्यांचा कोड तपासताना मला हा उपाय वापरलेला दिसतो आणि त्यातला आकडा बहुधा चुकलेला असतो.

जावाचा हॅशमॅप, म्हणजे त्या भाषेतले हॅश टेबल, 16 बकेटांनी (नोंदी ठेवायच्या कप्प्यांनी) सुरू होतो आणि नोंदींची संख्या बकेटांच्या 0.75 पटीपुढे गेली की टेबल दुप्पट करतो. दहा लाख नोंदी एकेक करून भरल्यास ते 17 वेळा वाढून 20,97,152 बकेटांवर पोचते, आणि प्रत्येक वाढीत तोवरच्या सगळ्या नोंदी नव्या टेबलात हलवाव्या लागतात. ही हलवाहलव एकूण 15 लाखांच्या वर जाते. सरासरीने हा खर्च नोंदीमागे दोनहून कमी भरतो, म्हणून अभ्यासक्रमात तो क्षुल्लक वाटतो. परंतु तो सगळ्या नोंदींवर सारखा विभागला जात नाही. टेबल ज्या नोंदीपाशी वाढते तिच्या वाट्याला सगळा विलंब येतो, शिवाय जुने आणि नवे टेबल काही काळ एकाच वेळी मेमरी अडवून बसतात.

आता आकड्याविषयी. हजार नोंदींसाठी कन्स्ट्रक्टरला (टेबल तयार करणाऱ्या कोडला) 1000 दिले की काम भागले असे वाटते, पण तो आकडा बकेटांचा असतो: बकेटांची संख्या दोनाच्या घातात ठेवली जाते म्हणून 1000 चे 1024 होतात, मर्यादा 768 ठरते आणि टेबल एकदा वाढतेच. जावा 19 पासून उपलब्ध असलेली न्यूहॅशमॅप ही पद्धत मात्र नोंदींचीच संख्या घेते. सी++ च्या अनऑर्डर्ड मॅप या हॅश टेबलमध्ये रिझर्व्ह या पद्धतीला नोंदी आणि रिहॅशला बकेट सांगायचे असतात. तिथे रिझर्व्हमुळे केवळ बकेटांची जागा तयार होते. प्रत्येक नोंद ज्यात साठते त्या नोडसाठी मेमरी वेगळी मागितली जातेच, त्यामुळे फायदा किती झाला हे प्रोफायलरलाच (प्रोग्रॅमचा वेळ कुठे जातो ते मोजणाऱ्या साधनाला) विचारावे. पायथनच्या डिक्शनरीत अशी सोयच नाही.

नेमकी संख्या बहुतेक वेळा हाताशी असते, कारण टेबल एखाद्या यादीवरूनच भरायचे असते. ती नसेल, तर सावधगिरी म्हणून अवाढव्य आकडा देण्यापेक्षा मूळ क्षमताच राहू द्यावी, असे माझे मत आहे. जावाच्या हॅशमॅपमधून फेरी मारताना रिकामे बकेटही तपासले जातात, आणि नोंदी काढून टाकल्या तरी ते टेबल पुन्हा लहान होत नाही.