परीक्षेची धास्ती आणि झपतालाचे एक आवर्तन

सत्र परीक्षा जवळ आली की छातीत धडधडू लागते, हातपाय गार पडतात आणि काल वाचलेले पान आज कोरे वाटते. अशा वेळी बहुतेक विद्यार्थी इयरफोन लावून हाताला लागेल ते गाणे ऐकतात. त्याने घटकाभर विसर पडतो, पण धास्ती तशीच राहते. संगीताचा खरा उपयोग व्हावा असे वाटत असेल, तर परीक्षेच्या काही आठवडे आधी, मन बऱ्यापैकी स्वस्थ असतानाच त्याचा सराव सुरू करावा.

तबल्याचा ठेका वाजवणारे एखादे साधे अ‍ॅप त्यासाठी पुरते. त्यात झपताल हा दहा मात्रांचा, म्हणजे दहा ठोक्यांचा, ताल निवडून लय मिनिटाला ६० मात्रांवर ठेवली, की त्याचे एक आवर्तन, म्हणजे एक फेरी, दहा सेकंदांत पूर्ण होते. समेपासून, म्हणजे पहिल्या मात्रेपासून, पाच मात्रा नाकाने सावकाश श्वास घ्यावा आणि सहाव्या मात्रेला, म्हणजे तालातल्या ‘खाली’ या जागेला, सोडू लागावा. तिथे ‘धी’ऐवजी ‘ती’ वाजते आणि डग्ग्याचा घुमारा थांबतो, त्यामुळे ताल न शिकलेल्यालाही ती जागा ओळखता येते. मिनिटाला सहा श्वासांची ही गती आपल्या नेहमीच्या गतीच्या निम्मी किंवा त्याहूनही कमी असते. श्वास असा संथ झाला की हृदयाचा वेग आवरणाऱ्या व्हेगस मज्जातंतूचे काम वाढते आणि धडधड उतरू लागते. रोज पाच-दहा मिनिटे पुरेत. गरगरल्यास लगेच थांबावे.

मन फारच बिथरलेले असताना एकदम संथ संगीत लावले, तर उलट चिडचिड होते. म्हणून संगीतोपचारातील रीत अशी, की आरंभ आहे त्या मनःस्थितीशी जुळणाऱ्या गाण्याने करावा आणि लय हळूहळू उतरवत न्यावी. सुमारे २० मिनिटांची अशी यादी आधीच तयार करून फोनमध्ये उतरवून ठेवावी. शेवटी बासरी किंवा नुसता आलाप असावा. अमुक चिंतेवर अमुक राग, अशी कोष्टके फिरत असतात. त्यांच्या मागे लागण्यापेक्षा ओळखीचे आणि आवडीचे संगीत निवडणे अधिक हिताचे, मग तो अभंग असो वा गझल.

वाचताना मात्र शब्द असलेली गाणी टाळावीत, कारण गाण्यातले शब्द आणि पुस्तकातले शब्द एकमेकांच्या आड येतात.

परीक्षागृहात इयरफोन नेता येत नाही, आणि सरावाचे मोल तिथेच कळते. प्रश्नपत्रिका हाती पडल्यावर मन भांबावले, तर बोटांच्या पेरांवर मात्रा मोजत झपतालाची तीन-चार आवर्तने मनातल्या मनात म्हणावीत, त्याच लयीत श्वास घ्यावा आणि मग पहिला प्रश्न वाचावा.

तरीही झोप उडालेली असेल, जेवण जात नसेल किंवा जीव नकोसा वाटत असेल, तर केवळ संगीतावर विसंबू नये. महाविद्यालयाच्या समुपदेशकांना भेटावे किंवा टेली-मानस या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. ही सेवा विनामूल्य आहे, चोवीस तास चालते आणि तिथे मराठीतून बोलता येते.