लिथियम चालू असताना कोकणातला उन्हाळा आणि सणांची जागरणं

बायपोलरसाठी (मन कधी अतिउत्साहात म्हणजे उन्मादात, तर कधी नैराश्यात जाण्याचा आजार) लिथियमच्या गोळ्या घेत असाल तर एप्रिल-मेच्या घामात जपा. अंगातलं पाणी-मीठ घटलं की मूत्रपिंडं लिथियम धरून ठेवतात आणि रक्तातली पातळी चढते. पाणी पीत राहा. जेवणातलं मीठ एकाएकी तोडू नका. अंगदुखीवर स्वतःहून आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक अशा वेदनाशामक गोळ्या नको, त्यांनीही पातळी वाढते. उलट्या-जुलाब, हात जोरात थरथरणं, तोल जाणं, जीभ अडखळणं दिसलं तर पुढची गोळी न घेता लगेच रुग्णालय गाठा.

पातळीसाठी रक्त शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी द्यावं, नाहीतर आकडा फसवा येतो. थायरॉइड, किडनीची तपासणी दर ६ महिन्यांनी.

खरी कसोटी गणपतीत आणि शिमग्यात. आरतीला जरूर उभे राहा, पण रात्रभराच्या भजनाला नाही; झोप मोडली की उन्माद उसळतो. सलग दोन रात्री तीन-चार तासच झोपूनही तरतरीत वाटलं, तर डॉक्टरांना फोन करा. अशा आपापल्या खुणा थेरपिस्टबरोबर आधीच लिहून काढा, एक प्रत घरच्यांकडे द्या. बरं वाटलं म्हणून गोळ्या थांबवू नका. जिवाचं बरंवाईट करावंसं वाटलं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ क्रमांक लावा.