जुन्या जीपचे मंद दिवे: आधी रिले, मग जादा दिवे

माझ्या जुन्या डिझेल जीपच्या हेडलाइटचा उजेड म्हणजे नुसता उपचार. रात्री आंबा घाट चढताना अप्पर मारला तरी वळणाचा कठडा अगदी अंगावर आल्यावर दिसायचा.

जादा दिवे घेण्याआधी मल्टीमीटर लावला. इंजिन चालू असताना बॅटरीवर 13.8 व्होल्ट, पण बल्बच्या सॉकेटवर जेमतेम 12. मधले व्होल्ट बारीक वायर आणि काळवंडलेला स्विच खात होते. हॅलोजनचं असं आहे, की व्होल्टेज दहा टक्के घटलं तर उजेड तीसएक टक्क्यांनी पडतो. म्हणून हेडलाइटला रिले (डॅशबोर्डच्या स्विचच्या छोट्या करंटवर चालणारा, पण दिव्याला बॅटरीचा मोठा करंट थेट देणारा स्विच) बसवले, अर्थिंगचा गंज घासून काढला. निम्मं दुखणं तिथेच गेलं.

मग बंपरवर 55 वॉटचे दोन ड्रायव्हिंग लाइट. दोन्ही मिळून नऊ-दहा अँपिअर ओढतात. एवढा करंट डॅशबोर्डच्या स्विचमधून न्यायचा नाही. बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरात 15 अँपिअरचा फ्यूज, तिथून रिलेची 30 नंबरची पिन, 87 वरून दिवे. 86 ला अप्परची वायर (मधे वेगळा स्विच), 85 अर्थ. त्यामुळे लाइट डिपरवर टाकला की जादा दिवे आपोआप बंद, समोरच्याच्या शिव्या नकोत. इलेक्ट्रिशियन ‘फ्यूज नंतर टाकू’ म्हणाला तर सरळ दुसरा गाठा. उघडी वायर बॉडीला घासली की गाडीच पेटते.

पावसाळ्यात घाटात धुकं उतरलं की मात्र हे दिवे बंद ठेवतो. उजेड उलटा तोंडावर येतो. तिथे लोअर बीम आणि दुसरा गिअर.