चिकोडीचा पिनकोड फोडायचा कसा

संध्याकाळी आमच्या कट्ट्यावर शिकायला येणारी मुलं सहा आकडी संख्या दिसली की बिचकतात. म्हणून मी त्यांना रोज पत्त्यावर दिसणारा आकडा देते: चिकोडीचा पिनकोड, ५९१२०१. पाच लाख एक्क्याण्णव हजार दोनशे एक. घरी कन्नड बोलणारी एक पोर ‘एक्क्याण्णव’पाशी दरवेळी अडते. कन्नडात ‘तोंबत्तोंदु’, म्हणजे नव्वद नि एक, सरळ. मी तिला सांगते, तुझ्या भाषेत मोज बाळ, भागाकार तोच येतो.

फोडायचा म्हणजे मूळ संख्यांच्या गुणाकारात मांडायचा. आधी अंकांची बेरीज करा. ५+९+१+२+०+१ = १८. म्हणजे ९ ने भाग जाणार. भागा: ६५६८९. याच्या अंकांची बेरीज ३४, आता ३ चं काम संपलं.

पुढची युक्ती मला सगळ्यात प्रिय. मूळ पिनकोडच घ्या आणि मधोमध रेघ मारा: ५९१ | २०१. मोठ्यातून लहान वजा करा, ३९०. या ३९० ला ७, ११ किंवा १३ ने भाग गेला, तर अख्ख्या संख्येलाही जातो. का? कारण ७ × ११ × १३ = १००१, आणि ५९१ × १००१ = ५९१५९१. त्यातून ३९० काढले की आपला पिनकोड! मुलांना हे पाटीवर स्वतः मांडू द्या, उत्तर आधी सांगू नका. ३९० म्हणजे १३ × ३०. ७ नाही, ११ नाही, १३ हो.

६५६८९ ला १३ ने भागलं की ५०५३. इथं घाई नको. ७१ चा वर्ग ५०४१ आणि ७२ चा ५१८४, म्हणून ७१ पर्यंतच्या मूळ संख्या तपासल्या की पुरे. १७ ला बाकी ४, १९ ला १८, २३ ला १६, २९ ला ७. आणि ३१ ला बाकी शून्य! भागाकार १६३, ती मूळ संख्याच.

५९१२०१ = ३ × ३ × १३ × ३१ × १६३

आता विभाजक किती ते न मोजता सांगता येतं. ३ घ्यायचा तो शून्य, एक किंवा दोन वेळा, म्हणजे तीन पर्याय. बाकीच्या तिघांना दोन-दोन. ३ × २ × २ × २ = २४. विभाजकांच्या जोड्या बारा, म्हणजे इतके चिंचोके असते तर बारा तऱ्हेचे आयत मांडता आले असते. त्यातला चौरसाच्या सगळ्यात जवळचा ४८९ × १२०९.

हे जमलं की निपाणीचा ५९१२३७ घ्या. ९ ने पटकन भाग जातो, उरतात ६५६९३. मग मात्र १७९ पर्यंत धीर धरावा लागतो. तिथं भाग जातो आणि ३६७ हाती येतात.