आधी एक पावसाळा निघू द्या, मग विका

"रोज नाही गं घालत. तुळशीला घालून तांब्यात उरतं, तेवढंच."

समोरच्या इमारतीतल्या काकू दोन इंची कुंडी घेऊन दारात उभ्या होत्या. कुंडीत एचेव्हेरिया हे जाड पानांत पाणी साठवणारं सक्युलंट होतं, म्हणजे त्याचा काळा पडलेला दांडा होता. पानं पिवळट, पाणी भरल्यासारखी पारदर्शक. बोट लागलं की गळत होती. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून त्यांनी माझ्याकडून 40 रोपं नेली होती, आणि प्रत्येक कुंडीवर मीच हौसेने चिठ्ठी चिकटवली होती : 'देखभाल शून्य'.

मिनिएचर सक्युलंट्स विकायची म्हणून विचारायला कुणी आलं की मी आधी ही कुंडी सांगते. देखभाल कमी, हे गिऱ्हाइकाच्या घरी खरं असू शकतं. आपल्या गच्चीवर नाही. आणि गिऱ्हाइकाच्या घरीही ते तेव्हाच खरं होतं, जेव्हा रोपाने आपल्याकडे पुण्याचा एक पावसाळा काढलेला असतो.

ती 40 आणि आणखी काही रोपं मी डिसेंबरात थंड डोंगराळ भागातून मागवली होती. पुण्याच्या थंडीत एचेव्हेरिया देखणं दिसतं. गार रात्री आणि कोवळं ऊन मिळालं की पानांच्या कडा गुलाबी होतात. मला वाटलं, जमलं. वाणातली काही रोपं रोजच्या पाण्याने लगेच गेली, ती काकूंसारख्यांची चूक म्हणू. पण माझ्याकडे उरलेली जुलैत गेली, त्याचं काय? ही झाडं दिवसा पानांवरची रंध्रं मिटून घेतात आणि गार रात्री हवा घ्यायला उघडतात. एचेव्हेरिया मूळची मुख्यतः मेक्सिकोच्या डोंगरांतली. तिथे रात्र गार असते. आपल्याकडे जुलैत रात्रही दमट, ऊन आठवडाभर दिसत नाही, कुंडीतलं पाणी जागचं हलत नाही. मुळं कुजतात आणि वरून पंधरा दिवस काही कळत नाही.

म्हणून सुरुवात हॉवर्थिया, गॅस्टेरिया, जेड आणि ग्रॅप्टोपेटॅलम यांच्यापासून करा. हॉवर्थिया दक्षिण आफ्रिकेत झुडपांच्या नाहीतर दगडांच्या आडोशाला वाढतं, त्यामुळे फ्लॅटच्या खिडकीतला उजेड त्याला पुरतो. नर्सरीत 'जेड' मागितलं की अनेकदा त्याच्यासारखंच दिसणारं पोर्टुलॅकारिया हातात पडतं. बिघडत नाही, तेही दणकट आहे. लेबलवर मात्र खरं नाव लिहा. मदर प्लांट, म्हणजे ज्यापासून पुढची रोपं करायची ते, घ्यायला सोलापूर रस्त्याने उरुळी कांचनपर्यंतच्या नर्सऱ्या पालथ्या घाला, आणि आणलेलं रोप तीन आठवडे बाकीच्यांपासून लांब ठेवा. पानांच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं दिसलं तर तो पिठ्या ढेकूण. सर्जिकल स्पिरिटमध्ये बुडवलेल्या इअरबडने एकेक पुसायचा. कंटाळवाणं आहे, पण सोडला तर महिन्याभरात सगळा ट्रे त्याचा.

मातीत माती कमीच हवी. मी निम्म्याहून जास्त चाळलेली विटांची बारीक खडी आणि जाड वाळू घेते, उरलेल्यात कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि थोडं गांडूळखत. निव्वळ कोकोपीटमधलं रोप आणलं तर पहिल्याच दिवशी मुळं मोकळी करून कुंडी बदलते. कोकोपीट एकदा पूर्ण वाळलं की पाणी नुसतं कडेने वाहून जातं, आणि भिजलं की लवकर वाळत नाही.

आता रोपं वाढवण्याबद्दल. मला या धंद्यात सगळ्यात जास्त आवडतं ते हेच. लहानपणी पानफुटीचं पान वहीत ठेवून कडेला कोंब फुटतात का ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. इथेही तेच, फक्त कोंब पानाच्या बुडातून येतो. म्हणून पान उपटताना डावी-उजवीकडे हलवत अलगद काढायचं, दांड्याला चिकटलेलं टोक अख्खं आलं पाहिजे. ते टोक तुटलं की पान हिरवं राहील महिनाभर, पण फुटणार नाही. तीन-चार दिवस सावलीत सुकवून जखम भरू द्यायची, मग मिश्रणावर नुसतं ठेवायचं, पुरायचं नाही. आधी गुलाबी दोऱ्यासारखी मुळं, मग तांदळाएवढं रोप. माझ्या वहीप्रमाणे ग्रॅप्टोपेटॅलमच्या 100 पानांतून विकण्याजोगी 60च्या आसपास होतात, तीही सात-आठ महिन्यांनी. उजेड कमी पडून मान लांब झालेलं रोप फेकू नका. शेंडा कापून, सुकवून वेगळा लावा. खालच्या बुंध्याला नवी पिल्लं येतात.

गच्चीवर एप्रिल-मेमध्ये निम्मं ऊन अडवणारी, 50 टक्क्यांची शेडनेट लागते, आणि जूनपासून वर पारदर्शक पत्रा, बाजू मात्र उघड्या. पाण्याचं वेळापत्रक मला विचारू नका. कुंडी उचलून बघा. आठवड्यात हाताला वजन कळायला लागतं. दोन इंची कुंडी मोठ्या कुंडीपेक्षा फार लवकर वाळते, त्यामुळे मे महिन्यात मी दर पाच दिवसांनी गच्चीवर असते आणि ऑगस्टमध्ये कधी कधी तीन आठवडे झारीला हात लावत नाही.

पैशांचं थोडक्यात. कुंडी, मिश्रण, लेबल यांचे 15 रुपये होतात. त्यावर मेलेल्या रोपांचा आणि आठ महिन्यांच्या जागेचा भार टाका. मी 80ला विकते. 40ला विकणाऱ्याशी भाव लावत बसत नाही. हळदीकुंकू, मुंज आणि वाढदिवसांची रिटर्न गिफ्ट यांवर माझी निम्मी विक्री होते. जानेवारीत एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन असतं. तिथे नुसतं फिरा आणि लोक कुठल्या कुंडीपाशी थांबतात ते बघा. बाहेरगावी पाठवायचं रोप कुंडीतून काढून तीन दिवस सुकवते आणि कागदात गुंडाळून पाठवते. आठवडाभर त्याला काही होत नाही.

एक आगाऊ सूचना. वेगळं काहीतरी हवं म्हणून किल्ल्यांवर खुरपं घेऊन जाऊ नका. आपल्या शिवनेरीच्या कड्यांवर शिंदळ माकुडी नावाचं सक्युलंट आहे, जगात फक्त महाराष्ट्राच्या डोंगरांत सापडणारं. फोटो काढा आणि खाली या.

चिठ्ठीवर आता मी असं छापते : 'कुंडी हलकी लागली तरच पाणी. तुळशीचं उरलेलं तुळशीलाच.' काकूंनी पुढच्या संक्रांतीला हॉवर्थिया नेली, त्यातली बरीच अजून आहेत. हल्ली बिनभोकाच्या चिनीमातीच्या कपात लावून मागतात. तसं मी देत नाही. ड्रिलने भोक पाडून लावते, त्याचे 20 रुपये वेगळे, आणि दारावर पाटी आहे : 'भोक पाडताना कप फुटल्यास कप आपलाच होता.'