पिठ्या ढेकूण की त्याला खाणारी अळी? फवारणीआधी ओळखा

पाऊस ओसरला की ऑक्टोबरच्या उष्म्यात परसातल्या जास्वंदीवर, पेरूवर, सीताफळावर पांढरे पुंजके दिसू लागतात. बहुतेक वेळा तो पिठ्या ढेकूणच (मिलीबग, झाडाचा रस शोषणारी कीड) असतो. पण त्याच पुंजक्यात कधी कधी दुप्पट-तिप्पट लांबीचा, पांढऱ्या झिपऱ्यांचा किडा फिरत असतो आणि ‘मोठा ढेकूण’ समजून पहिला फवारा त्याच्यावरच पडतो. ती असते क्रिप्टोलीमस या मित्रभुंगेऱ्याची अळी. ढेकूण आणि त्याची अंडी हेच तिचं खाणं.

फरक चालीवरून कळतो. काडीने हलकेच डिवचा. ढेकूण जागचा फारसा हलत नाही; अळी झपाझप पळते. ढेकूण ३-४ मिमीचा, चपटा, कडेला आखूड तंतूंची झालर असलेला. अळी वाढली की १० मिमीच्या पुढे जाते आणि तिच्या मेणाच्या झिपऱ्या लांब, वेड्यावाकड्या असतात. काळ्या कागदावर ठेवून १० पट भिंगातून पाहिलं की शंका उरत नाही.

तरीही खात्री नसेल तर ढेकणांसकट डहाळीचा तुकडा आणि तो किडा काचेच्या बरणीत ठेवा. तोंडाला मलमलचं फडकं बांधा. घट्ट झाकण लावलं तर आत दमटपणा साचून बुरशी येते. दर दोन दिवसांनी ताजे ढेकूण घाला. अळी पूर्ण वाढलेली असेल तर साधारण दोन आठवड्यांत भुंगेरा बाहेर येतो: सुमारे ४ मिमी, काळे पंख, नारिंगी डोकं आणि पंखांची टोकंही नारिंगी. ठिपके नसल्यामुळे हा लेडीबर्डच्या कुळातला आहे हे पटकन लक्षात येत नाही.

अळ्या दिसल्या तर त्या झाडावर कीटकनाशक नको. साबणाचं पाणीही नको, ते अळीलाही मारतं. बंदोबस्त करायचा तो मुंग्यांचा. ढेकणांच्या गोड चिकट्यासाठी मुंग्या या अळ्यांना हुसकावून लावतात. खोडाला १५ सेंमी रुंद प्लास्टिकची पट्टी घट्ट बांधून तिच्यावर ग्रीस लावा, थेट सालीवर नको. भिंतीला किंवा शेजारच्या झाडाला टेकलेल्या फांद्या छाटा, नाहीतर मुंग्या तिथून चढतात आणि पट्टी बांधून उपयोग होत नाही.

अळी कुठेच नसेल आणि ढेकूण फार असतील, तर लदलेले शेंडे कापून पिशवीत बंद करून टाका. कंपोस्टच्या खड्ड्यात नको. उरलेल्यांवर लिटरभर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल व थोडा साबण मिसळून संध्याकाळी फवारा. पानांच्या बेचक्यात फवारा पोचला नाही तर ढेकूण पुन्हा वाढतात.