लंडनला हॉकी बघायला जाताय? आधी हे वाचा

प्रतापनगरात आमच्या ओळखीतलं कोणी ना कोणी लेकाकडे नाहीतर लेकीकडे कॅनडाला निघालेलंच असतं, आणि बॅगा भरण्याआधी माझ्याकडे चहाला येतं. आमची लेक लंडनला असते. इंग्लंडच्या नाही, ओंटारिओतल्या. शहर सव्वाचार लाख वस्तीचं, म्हणजे नागपूरच्या मानानं लहानच. पण भर बाजारपेठेत बर्फावरच्या हॉकीचं बंदिस्त स्टेडियम, नऊ हजार माणसं बसतील एवढं. सध्या नाव कॅनडा लाइफ प्लेस. २००२ साली सुरू झालं तेव्हा जॉन लॅबॅट सेंटर, मधली काही वर्षं बडवायझर गार्डन्स. जुनी माणसं अजून जुनंच नाव घेतात, तेव्हा तिन्ही लक्षात असू द्या.

पहिली गोष्ट तारखेची. आपण सगळे मे महिन्यात ऊन चुकवायला पळतो आणि तेव्हा तिथं हॉकी संपलेली किंवा संपत आलेली असते. हंगाम सप्टेंबरअखेर सुरू होऊन मार्चपर्यंत चालतो, मग बाद फेऱ्या. गणपती आटोपले की निघा. उन्हाळ्यातच जाणं भाग असेल तर त्याच स्टेडियममधल्या गाण्याच्या कार्यक्रमावर समाधान माना.

कपड्यांची फार धास्ती नको. थंडीत आपण तिबेटी लोकांच्या दुकानांतून घेतो तो स्वेटर आत पुरतो. बंद बूट आणि मोजे मात्र हवेतच. चपला घालून बसलात तर पहिल्या वीस मिनिटांतच पाय बधिर.

तिकीट काढताना पोरं हौसेनं मैदानाभोवतीच्या काचेजवळच्या खुर्च्या घेतात. नको म्हणा. तिथं धडाधड आपटणारी माणसं दिसतात, खेळ दिसत नाही. मैदान २०० फूट लांब, ८५ फूट रुंद. ते सगळं नजरेत यायला लांबीच्या बाजूची, मधल्या लाल रेषेच्या आसपासची, थोडी वरची जागा घ्या.

आणि इथं चेंडूऐवजी काळी चकती असते, ती शोधत बसू नका. रबराची असते, उसळू नये म्हणून खेळाआधी गोठवून ठेवतात, आणि आपल्या वयाच्या डोळ्यांना ती सापडत नाही. खेळाडू कुठं वळतायत ते पाहा, चकती तिथंच असते. गोलकीपर सोडून पाच जण खेळतात. पाऊण मिनिटात दमतात, कठडा ओलांडून बाहेर येतात आणि दुसरे पाच आत उड्या टाकतात, खेळ चालूच. चालत्या ऑटोत सवारी बदलावी तसं! एखाद्याला शिक्षा म्हणून बाहेर बसवलं की समोरच्यांचा एक गडी जास्त होतो. ती दोन मिनिटं चुकवू नका, पुष्कळ गोल तेव्हाच होतात.

लंडन नाइट्स हा इथला संघ, पोरं साधारण १६ ते २० वर्षांची. २००५, २०१६ आणि २०२५ मध्ये मेमोरियल कप, म्हणजे कॅनडातली तरुण संघांची मानाची स्पर्धा, जिंकलेला संघ, त्यामुळे गाव वेडं आहे. मारामारी जुंपली की शेजारची आजीसुद्धा उभी राहून ओरडते. आपण आपलं ‘अरे बाप्पा, लेकरं आहेत हो’ म्हणत बसायचं.

वीस-वीस मिनिटांचे तीन डाव. मधल्या सुट्टीत सगळे खायला पळतात, तुम्ही बसून राहा. झांबोनी नावाची गाडी येते. बर्फाचा ओरखडलेला थर खरवडते, धुते आणि मागून चक्क गरम पाणी सोडते. गरम पाण्यानं वरचा थर किंचित वितळून ओरखडे भरतात आणि बर्फ सपाट गोठतो. खाली काँक्रीटमधल्या नळ्यांतून गोठवणारा द्रव फिरत असतो. वर बर्फ जेमतेम इंचभर. खाण्याचं म्हणाल तर आत सगळं महाग. शेजारीच कॉव्हेंट गार्डन मार्केट आहे, तिथं आधी पोटभर खाऊन घ्या.

हंगामात गाण्याचा कार्यक्रम असला तरी बर्फ काढत नाहीत. त्यावर जाड फळ्या अंथरतात आणि वर खुर्च्या मांडतात. अशा खुर्चीचं तिकीट मिळालं तर मोजे दोन घाला, आणि पर्स पायाशी न ठेवता मांडीवर घ्या.